बंब, बैल आणि वर्तुळ

आमच्या पेठेतल्या फुटबॉल संघाच्या सदऱ्यावर पूर्वी बंब होता. आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब, तोटीसकट. संघ काढला तो तांबटांच्या पोरांनी, आणि त्यांना जे घडवता येत होतं तेच त्यांनी छातीवर लावलं. त्यात अस्मिता वगैरे काही नव्हती. शेजारच्या आळीच्या संघाच्या छातीवर नुसती अक्षरं होती आणि आमच्याकडे चित्र होतं, एवढाच काय तो मोठेपणा. समोरचे प्रेक्षक "पाणी तापलं का?" म्हणून विचारायचे आणि आमचे बहुतेक वेळा हरायचे.

कसबा पेठेत मैदान नाही. दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला माघार घ्यावी लागते, तिथे मैदान कुठून येणार. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी आमचा संघ खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या, नुकत्याच महापालिकेत आलेल्या एका गावाच्या संघात मिसळला. त्यांच्याकडे मैदान होतं, आमच्याकडे इतिहास. अशी लग्नं पुण्यात पूर्वीपासून होत आली आहेत. दोघांचे मिळून अकरा बरे खेळाडू निघाले आणि संघ पहिल्यांदाच शहराच्या लीगमध्ये वरच्या गटासाठी पात्र ठरला.

संघ एक झाला आहे हे खेळाडूंना पहिल्याच सरावात कळलं. समर्थकांना मात्र ते कळण्यासाठी बोधचिन्ह लागणार होतं.

मी समर्थक मंडळाचा सभासद नाही. मी पेठेतल्या वाचनालयाच्या समितीवर आहे, आणि मंडळाच्या बैठका आमच्या वरच्या हॉलमध्ये होतात. हॉल ज्याला दिला त्याचं काम संपेपर्यंत समितीपैकी एकाने थांबायचं, असा आमचा नियम आहे. रविवारी सकाळी कोणाला ना कोणाला घरचं काम निघतं, आणि माझ्या घरचं काम पूर्वीच संपलेलं आहे. तेव्हा किल्ली माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर हे सगळं ऐकणंही.

या मंडळाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं खोटं वाटेल. तिथे मतदान होत नाही. एकदा झालं होतं, सामन्याला ढोल न्यावा की नुसता ताशा, यावर. त्यातून एका मंडळाची दोन मंडळं झाली, आणि दुसरं मंडळ आजही सामन्याला येऊन आमच्याकडे पाठ करून उभं राहतं. तेव्हापासून प्रत्येक ठराव एकमताने. एक जरी माणूस नाही म्हणाला तरी विषय "पुढील बैठकीत".

पहिल्या बैठकीत बोधचिन्हाचा आकार घेतला. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे सोपं आधी उरकावं या मताचे. ढाल असावी असं काहींचं म्हणणं होतं. ढाल सगळेच वापरतात असं इतरांचं. चौकोन सरकारी वाटतो. त्रिकोण म्हटलं की दवाखान्याच्या भिंतीवरचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आठवतो, असं एका बाईंनी सांगितलं आणि त्रिकोण मागे पडला. राहिलं वर्तुळ. वर्तुळात विरोध करण्यासारखं काही असतं तर आमच्या लोकांनी ते नक्की शोधून काढलं असतं. बोधचिन्ह वर्तुळाकार असावे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्या वाजल्या. एखादं धरण बांधून झाल्यासारखे सगळे जिना उतरले.

दुसऱ्या बैठकीत वर्तुळाच्या आत काय, हा विषय होता.

बंबाची बाजू एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मांडली. "बंब स्वतः जळतो आणि दुसऱ्याला ऊब देतो. हे पेठेचं शील आहे."

"आपल्याकडे आहे का बंब?" मी विचारलं. मी बोलायला नको होतं. मी हॉलचा माणूस.

"आमच्याकडे सोलर आहे. पण प्रश्न तत्त्वाचा आहे."

गावाकडून भाऊ आले होते. मैदान त्यांचं. जमिनी काही विकून, काही बांधून त्यांनी गावाला शहरात आणलं होतं. त्यांना बैल हवा होता. शर्यतीचा, मान वर केलेला.

"अहो, बैलाचा आणि फुटबॉलचा संबंध काय?" मुख्याध्यापक म्हणाले.

"बंबाचा काय हाय?" भाऊ म्हणाले.

हा त्या सकाळचा एकमेव मुद्देसूद प्रश्न होता, म्हणून तो इतिवृत्तात आला नाही. भाऊंच्या गोठ्यात आता बैल नव्हता हेही खरं. गोठाही नव्हता. त्या जागी बारा मजले उभे होते, आणि शेत उरलं होतं ते इमारतीच्या नावात.

मग पगडीची सूचना आली. कोणाची पगडी, हा प्रश्न पुण्यात विचारायचा नसतो; तो विचारला गेला आणि चहाची वेळ झाली. चहानंतर हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण उठला. तो मूळचा कुठला हे त्याने सांगितलं नाही, पण पुण्याविषयी त्याला जितकं वाटत होतं तितकं इथे जन्मलेल्या कोणालाच वाटत नव्हतं.

"सर, फॅन्स कनेक्ट होतात ते स्टोरीशी. बंब म्हणजे, सॉरी, थोडं किचनवेअर वाटतं."

"बंब स्वयंपाकघरात नसतो," मुख्याध्यापक म्हणाले.

"तेच म्हणतोय. क्लॅरिटी नाहीये. आपल्याला गर्जना करणारा सिंह हवा."

"पुण्यात सिंह कुठे?"

"कात्रजला," मागून आवाज आला. "पिंजऱ्यात."

एवढ्यात कप्तान आला. स्वारगेटच्या डेपोत तो बसगाड्या दुरुस्त करतो. पाळी संपवून तसाच आला होता, खाकी शर्टाला ग्रीस लागलेलं. त्याचं घर तांबटांचं. आमच्या आळीत बंब ठोकण्याचा शेवटचा आवाज त्याच्या वडलांच्या दुकानातून यायचा. तो आल्यावर मुख्याध्यापकांचा चेहरा उजळला. साक्षीदार चालत आला होता.

कप्तान बसला नाही. "अध्यक्षसाहेब, लीगचे प्रवेश पुढच्या सोमवारी बंद होतात. दोन संघ एक झाल्यापासून खालच्या गटात जुन्याच सदऱ्यांवर भागवलं, पण वरच्या गटाच्या हिशेबाने आपण नवीन. चिन्हासकट सदरा दाखवला तरच प्रवेश. शिंप्याला आणि छापणाऱ्याला एक दिवस तरी द्या. तर आज काहीतरी ठरवा. बंब चालेल, बैल चालेल."

"काहीतरी?" मुख्याध्यापक म्हणाले. "तुम्ही तांबटांच्या घरातले. तुम्हाला बैल चालेल?"

"आमच्या घरात आता बंब नाही, गुरुजी. गीझर आहे."

मुख्याध्यापकांनी कोणाच्या तरी निधनाची बातमी ऐकल्यासारखा चष्मा काढून पुसला.

"मी अडतीसचा झालो," कप्तान म्हणाला. "गुडघ्याच्या डॉक्टरांनी हा एक मोसम दिलाय. सोळाव्या वर्षापासून खालच्या गटात खेळतोय. वरच्या गटात एकदा उतरायचंय, बाकी काही नाही. यंदा प्रवेश हुकला तर बाकीच्यांना पुढचं वर्ष आहे. मला नाही."

"भावना पोहोचल्या," अध्यक्ष म्हणाले.

भावना पोहोचल्या असं पुण्यात कोणी म्हणालं की समजावं, दार लागलेलं आहे, फक्त आवाज होऊ दिलेला नाही. विषय पुढील बैठकीत गेला. पुढील बैठक म्हणजे प्रवेश बंद होण्याच्या आदल्या दिवशीचा रविवार. त्याआधी हॉल हवा का, असं मी अध्यक्षांना आपणहून विचारलं. मधल्या दिवसांत त्यांच्याकडे पाहुणे होते.

तिसऱ्या बैठकीला तो हिंजवडीचा तरुण लॅपटॉप आणि पडदा घेऊन आला. सर्वांच्या सूचना त्याने यंत्राला सांगितल्या होत्या आणि यंत्राने कोणालाही न दुखावता चित्र काढलं होतं. पडद्यावर एक बैल उभा होता. त्याचं तोंड सिंहाचं होतं, डोक्यावर पगडी होती, पाठीवर बंब होता आणि बंबाच्या तोटीतून पडणाऱ्या पाण्याची पुढे नदी झाली होती. आमच्या नदीत इतकं पाणी मी बऱ्याच वर्षांत पाहिलेलं नाही.

भाऊ पुढे होऊन पडद्याजवळ गेले. "हे जनावर कोणत्या बाजाराचं?"

"पाय पाच आहेत," मी म्हणालो.

"पाचवा रिमूव्ह करता येईल," तरुण म्हणाला.

"राहू द्या," मागून आवाज आला. "बचावफळीत माणसं कमीच आहेत."

हसणं ओसरल्यावर चर्चा सुरू झाली, आणि मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटलं ते याचं, की ती गंभीर होती. त्या पाच पायांच्या प्राण्यासमोर शिकलेली माणसं बसली होती आणि बंब पाठीवर ठेवणं हा पेठेचा सन्मान की बैलाच्या ओझ्यात भर, यावर बोलत होती. एकाने कारागिरीचा इतिहास सांगितला. तो मी त्याच वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचला होता आणि तिथेही तो चुकीचा होता. एकाला नदी डावीकडे वाहायला हवी होती. गावाकडच्या दोघांनी सांगितलं की बैलाची शिंगं त्यांच्याकडच्या जातीची नाहीत. मुख्याध्यापकांनी जाहीर केलं की बंब मधोमध नसेल तर ते आयुष्यभर "नाही" म्हणत राहतील. एकमताच्या राज्यात ही धमकी पुरेशी असते.

या सगळ्यांपैकी किती जण मागच्या मोसमात सामन्याला आले होते, ते मला साधारण ठाऊक होतं. मैदान लांब आहे. ऊन असतं. तिथे बोलायला व्यासपीठ नाही.

कप्तान मागच्या भिंतीला टेकून उभा होता. उजव्या पायावर भार देत नव्हता. बऱ्याच वेळाने त्याने हात वर केला.

"आत्तापर्यंत ठरलंय काय, तेवढं वाचून दाखवाल का?"

कार्यवाह घसा साफ करून उठले. "बोधचिन्ह वर्तुळाकार असावे. एकमताने मंजूर."

"रंग?"

"पुढील बैठकीत."

"बरं," कप्तान म्हणाला आणि जिन्याकडे वळला. मी खाली दिवे बघायच्या निमित्ताने उतरलो. दारात तो थांबला होता.

"काका, मंडळाने मंजूर केलेलं चिन्ह छापलं तर कोणी हरकत घेईल का?"

"घेतील की," मी म्हणालो. "पण पुढील बैठकीत."

तो पहिल्यांदाच हसला आणि एक पाय ओढत बोळातून निघून गेला. सोमवारी संघाला प्रवेश मिळाला.

पहिल्या सामन्याला मी गेलो. खूप वर्षांनी मंडळही झाडून आलं होतं. चिन्हावाचून संघ कसा उतरला हे त्यांना बघायचं होतं. ढोल होता, ताशाही होता. संघ मैदानात आला तेव्हा दोन्ही थांबले. पांढरे सदरे, आणि प्रत्येकाच्या छातीवर डाव्या बाजूला एक जाड काळं वर्तुळ. आत काही नाही.

समोरच्या समर्थकांना बोलायला वेळ लागला नाही. "चपाती लाटली, भाजी कुठंय?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "अहो, तुमचा बिल्ला इस्त्रीत जळला काय?"

अध्यक्ष तरातरा रेषेपाशी गेले. "हे कोणी मंजूर केलं?"

"आपण," कप्तान पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाला. "एकमताने."

अध्यक्ष परत येऊन खुर्चीवर बसले. ठराव त्यांच्याच सहीचा होता.

मध्यंतरापर्यंत आमचे एका गोलने मागे होते आणि मंडळाला सूर सापडला होता. मुख्याध्यापक शेजारच्याला सांगत होते की हे शून्य आहे. आपण जगाला दिलेलं. तरुण म्हणत होता, निगेटिव्ह स्पेस, खूप बोल्ड आहे. भाऊंनी पान थुंकून निकाल दिला: "गाडीचं चाक हाय ते. दिसत न्हाई व्हय?" हीच माणसं दोन रविवार वर्तुळाच्या आत काय असावं यावर एकमत होऊ देत नव्हती. आता रेघेच्या आत काही नाही म्हटल्यावर प्रत्येकाचं सगळं त्यात मावत होतं. मोठेपणाला लागणारी जागा मी आयुष्यभर पाहत आलो आहे. ती नेहमी रिकामीच असते.

सामना आम्ही दोन-एकने हरलो. तो एक कप्तानाच्या फ्री किकवर आला, आणि चेंडू जाळ्यात गेल्यावर तो धावला नाही. धावणं जपून वापरायचं होतं. नुसता कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि त्याने मैदानाच्या चारही बाजू पाहून घेतल्या.

सामना संपल्यावर तो गवतावर बसून गुडघ्याला बर्फ लावत होता. सदरा चिखलाने भरला होता. वर्तुळाच्या आतही चिखल होता. मुख्याध्यापक त्याच्यापाशी वाकले.

"यात तुम्हाला नेमकं काय अभिप्रेत होतं?"

"ते तुम्ही ठरवा, गुरुजी," कप्तान म्हणाला. "फक्त रविवारी बैठक ठेवू नका. रविवारी सामने आहेत. लोक आले की बरं वाटतं."

"हॉल रविवारचाच ठरलाय," अध्यक्ष म्हणाले, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं की या मोसमात हॉल मिळणार नाही. वाचनालयाचं रंगकाम निघालं आहे. हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. पण समितीसमोर विषय ठेवला तेव्हा कोणीच विरोध केला नाही, कारण भिंतींना रंगाची गरज होतीच. संघाचे सगळे सामने होऊन गेले, कप्तान ते सगळे खेळला, मंडळ नाइलाजाने बघत राहिलं. हॉल अजून बंद आहे. भिंतींना कोणता रंग द्यायचा, यावर आमच्या समितीत अद्याप एकमत झालेलं नाही.