राणीछाप रुपयाला मिळालेले मार्क

आमच्या वडिलांनी दोघा भावांत सगळं वाटून दिलं, फक्त एक रुपया उरला. घरात राणीछाप चांदीचे एकवीस रुपये होते. दहा मला दिले, दहा धाकट्याला. एकविसावा त्यांनी आमच्या थोरल्या बहिणीच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "या दोघांत जो आपले रुपये नीट ठेवील, त्याला हा देजो." एवढं बोलून ते मोकळे झाले. ताई मात्र अडकली ती अडकलीच.

धाकटा गावी जसोंडीला राहिला, केळीच्या शेतीत रमला. मी बुऱ्हाणपुरात राजपुऱ्याला आलो आणि पावरलूमवर कापड तपासायच्या कामाला लागलो. ठाण उजेडात धरायचं, तुटका धागा दिसला की खडूची खूण करायची. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण माझ्या खडूपुढे शिकलेले मालकही गप्प बसत. खोट ओळखणं हा माझा धंदा होता, हे आधीच सांगून ठेवतो.

माझ्या मते रुपयाचा निकाल कधीच लागला होता. दर धनत्रयोदशीला मी दहाही रुपये काढायचो. चिंचेचा कोळ लावायचा, राखेनं घासायचे, दुधानं धुवायचे, मग हळदकुंकू लावून ताटात मांडायचे. घरात गॅस आला तशी राख मिळेना, म्हणून भांड्याची पावडर वापरू लागलो. रुपये असे चमकत की पाहणाऱ्यानं डोळे मिटावे. राणीचं नाक थोडं झिजलं होतं, पण म्हातारपणी कोणाचं काय झिजत नाही.

धाकट्याचे रुपये धोतराच्या चिंधीत बांधून सरकीच्या डब्यात पडलेले. पूजेच्या दिवशी त्याला डबाच सापडायचा नाही. एकदा पाहिले तर काळेनिळे झालेले. मी म्हटलं, "ही लक्ष्मी आहे का तवा?"

तो म्हणाला, "दादा, चोराले तवा वाटला तं बरंच आहे."

ताई काही कोणाच्या बाजूनं बोलायची नाही. भाऊबीजेला आम्ही दोघं तिच्याकडे जायचो, जेवण झालं की विषय निघायचा, आणि ती भांडी उचलून आत जायची. यंदा मात्र तिनं आम्हाला बसवलं. "माझं आता काही खरं नाही. तुमचा रुपया घेऊन मले वर जायचं नाही. काय तो फैसला करा."

माझी सून शाळेत मास्तरीण आहे. तिनं सांगितलं की जुनी नाणी तपासून देणारी कंपनी असते. नाणं असली आहे का, कसं जपलंय, हे पाहून सत्तरपैकी नंबर देतात आणि प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. मी विचारलं, शंभरपैकी का नाही? ती म्हणाली, "बाबा, वो उनका सिस्टम है." असो. दोघांचा एकेक रुपया पाठवायचा, ज्याला जास्त नंबर त्याचा एकविसावा, असं ठरलं. सगळ्यात आधी हो मीच म्हटलं. तपासणाऱ्याला तपासणीचं काय भय?

सुनेनं पार्सल बांधायच्या आधी बजावलं होतं, "जैसा है वैसाच द्या, बाबा. घासू नका."

मी हो म्हटलं. पण मुलगी दाखवायची असली तर कोणी तिचं तोंड न धुता पाटावर बसवतं का? सून शाळेत गेली तशी मी चिंच भिजवली. त्या दिवशी एकाच रुपयावर जेवढी मेहनत घेतली तेवढी कधी दहांवर घेतली नव्हती. कडांच्या खाचाही जुन्या ब्रशनं साफ केल्या. धाकट्याचा रुपया त्याच्या चिंधीतूनच आला होता, सरकीचा भुसा चिकटलेला. पार्सलात दोन्ही शेजारी ठेवताना मला धाकट्याची दया आली होती, खोटं कशाला सांगू.

दीड महिन्यानं डब्या परत आल्या. सुनेनं आधी धाकट्याची वाचली. बासष्ट. मग माझी हातात घेऊन ती उलटसुलट करून पाहू लागली.

"वाच ना."

"असली आहे, असं लिहिलंय."

"ते मला माहीत आहे. नंबर?"

"नंबर नाही दिला. घासलेलं आहे, असं लिहिलंय." मग हळूच म्हणाली, "बाबा, चांदीवर आपोआप चढतो तो काळा रंग त्यांना पाहिजे असतो. घासलं की वरचा थर जातो. तो परत येत नाही."

मी डबी उजेडात धरली. प्लास्टिकमधून राणीच्या गालावर बारीक ओरखडे दिसले, एकाच दिशेनं ओढलेले, इतके साफ की खडूची खूण करावी. इतकी वर्षं मला ते दिसले नव्हते. मी सुनेला सांगितलं, "धाकट्याला फक्त त्याचा नंबर सांग. बाकीचं तुझ्या शाळेत शिकव."

रविवारी धाकटा ताईकडे आला, इस्त्रीचा सदरा घालून. मीही गेलो. न जाणं म्हणजे हरणं.

"दादा, मले बासष्ट. तुले किती?"

"दिले नाही."

"काहून? खोटा निघाला का?"

"असली लिहिलंय. डोळे असतील तर वाच."

"मंग नंबर काहून नाही?"

मी पाणी मागितलं. ताईनं पाणीही दिलं आणि देव्हाऱ्यातून एकविसावा रुपयाही आणला. पार काळा होता. तिनं तो धाकट्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "सुटले एकदाची."

धाकट्यानं तो अंगठ्यानं चोळून पाहिला. जिंकलेल्या माणसाला मोठं मन दाखवायची हौस असते. म्हणाला, "दादा, एक गोष्ट तुझी खरी. मी कव्हा यांची सेवा नाही केली. आता मात्र करीन. येत्या धनतेरसले अकराच्या अकरा चिंचेनं घासतो, तुझ्यासारखे लखलखीत करतो. वर आपल्या बाबाले बरं वाटंन."

मला पोह्याची ताटली समोर आल्याचं आठवतं. मी दोन घास खाल्ले. गप्प बसलो असतो तर दिवाळीनंतर आम्ही दोघं पुन्हा सारखे झालो असतो, आणि बोललो असतो तर माझी आजवरची सगळी घासणी माझ्याच तोंडानं वाया गेली म्हटल्यासारखं झालं असतं. पोहे कोरडे होते. मी ताटली खाली ठेवली.

"घासू नको," मी म्हटलं.

"काहून?"

"मी नाही म्हणत. कंपनीचं म्हणणं आहे."

त्याचा अंगठा रुपयावरच थांबला होता. मग त्यानं खिशातून रुमाल काढला, रुपया त्यात गुंडाळला आणि विचारलं, "आन् तू? तू आता घासशील का नाही?"

"माझे माझे आहेत," मी म्हटलं आणि ताईला सांगितलं, पोह्यात थोडं तेल घालत जा.