वर्षाची बुरशी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मायक्रोबायोलॉजी शिकवणाऱ्या बाईने भुताखेतांचं बोलावं, याचं मलाच हसू आलं असतं. तरी लिहिते आहे…

जालन्यातल्या एका कॉलेजची लॅब, पहिल्या मजल्यावरची शेवटची खोली. मी आणि वर्षा, दोघी तिथे पीएचडी करत होतो. तिच्या वडिलांची परतूरकडे मोसंबीची बाग. तिथे अंथरलेला मल्चिंग पेपर — मातीत कुजणाऱ्या नव्या प्लास्टिकचा — एका कोपऱ्यात फारच लवकर विरला. वर्षाने तिथली माती आणून त्यातून एक करडी बुरशी वेगळी काढली. काचेच्या झाकणाच्या प्लेटमध्ये वाढवली की ती त्या प्लास्टिकच्या तुकड्याची पार चाळणी करायची. गेल्या उन्हाळ्यात काविळीचं निमित्त झालं आणि वर्षा गेली. बुरशी माझ्याकडे आली.

आणि मी ती मारली. प्लेटचं झाकण सुटं असतं, म्हणून नाव खाली तळावर लिहायचं. "अगं, झाकणाचा काय भरोसा?" म्हणून वर्षा मला कायम टोचायची. पण माझी सदा घाई, मी झाकणावरच लिहायचे. दिवाळीच्या सुट्टीआधी आवरताना झाकणांची अदलाबदल झाली, आणि टाकाऊ समजून तिच्या सगळ्या प्लेट मी ऑटोक्लेव्हच्या, जंतू मारणाऱ्या वाफेत घातल्या. त्याच बुरशीच्या फ्रिजमध्ये राखून ठेवलेल्या ट्यूब आधीच वाळल्या होत्या, तोही माझाच आळस. मी खाली बसून रडले. तिचं मागे राहिलेलं तेवढंच तर होतं. तिच्या आईला काय सांगणार होते?

प्लेट उबेत वाढवायचा इन्क्युबेटर आता रिकामा होता; तो बंद न करताच आष्टीला घरी गेले. आठ दिवसांनी परतले तर आत एक प्लेट. करडी, ताजी वाढ, आतल्या प्लास्टिकच्या तुकड्याच्या कडा विरलेल्या. उलटी करून पाहिली — तळावर वर्षाचं नाव, आणि तारीख मी आष्टीला गेले त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

आमचे शिपाई सलीमचाचा. त्यांना विचारलं.

"किल्ली माझ्यापाशीच व्हती, मॅडम. खोली बिलकुल उघडली न्हाई."

आमचे गाईड सर म्हणाले, थकव्यात तूच केली असशील आणि विसरलीस. असेलही… तीन वर्षं शेजारी बसून आमचं अक्षर सारखंच झालं होतं, त्यामुळे शपथेवर काही सांगता येत नाही. पण निघण्याआधी केलेल्या प्लेटवर पुढची तारीख कोण टाकतं?

बुरशी जिवंत आहे, काम करते आहे. परवा कल्चर रजिस्टर भरायला बसले. 'प्लेट कोणी तयार केली' या रकान्यापाशी आले. माझं नाव घालणं खोटं झालं असतं, म्हणून तिचं घातलं. सरांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि खाली सही केली.