हात्त गं फरशी!

पाळणाघरात दोन वर्षं काढली की किस्से शोधावे लागत नाहीत. संध्याकाळी मुलांच्या चपला जुळवताना तेच पायात येतात! मी सांगते, लोक हसतात. घरी गेल्यावर मला मात्र जेवण जात नाही.

हे पाळणाघर डोंबिवलीतलं. ऐंशीचं दशक संपत आलेलं आणि मी सायकॉलॉजीत बी.ए. करून नुकतीच रुजू झालेले. डोक्यात एकच खूळ: मुलावर ओरडलात, हात उचललात, तर मागाहून त्याच्याजवळ बसा आणि 'माझं चुकलं' म्हणा.

पाळणाघर चालवणाऱ्या काकू म्हणाल्या, "मग रोज सकाळी ओवाळतेस का त्यांना?"

\*

काकूंची पद्धत वेगळी. मूल पडलं की त्या फरशीला चापट मारायच्या. "हात्त गं फरशी! आमच्या चिनूला पाडतेस?" साडेतीन वर्षांची चिनू रडता रडता हसायची.

"काकू, तुम्हीच ओढलंत म्हणून ती पडली. फरशीचा काय दोष?"

"फरशी उलटून बोलत नाही," काकू म्हणाल्या, "तुझ्यासारखी!"

\*

चिनूची आई ठाण्याला नोकरीला. एकदा चिनूचा बूट हरवला, तर आईने दारातच थोबाडीत दिली. दुसऱ्या दिवशी क्रीमची बिस्किटं घेऊन हजर!

"तिला सॉरी म्हणा ना," मी म्हटलं.

"अहो, अख्खा पुडा आणलाय की!"

चिनूने तो फोडलाच नाही.

\*

पालकसभेला सहाजण आले. त्यात चिनूचे बाबा.

"ताई, आम्हाला वडिलांनी पट्ट्याने फोडलंय. सॉरीबिरी काही नाही. आम्ही काय बिघडलो?" असं म्हणत त्यांनी चष्मा सारखा करायला हात उचलला. शेजारी बसलेल्या चिनूने झटकन डोकं खाली घातलं, वर दोन्ही हात धरले.

"बघा," बाबा खुशीत म्हणाले, "किती शिस्तीची आहे!"

त्या दिवशी मी ठरवलं, निदान एका तरी मोठ्या माणसाने चिनूची माफी मागायचीच.

\*

पाळी माझ्यावरच आली. पुढच्या सभेसाठी आठवडाभर खपून मी तक्ते रंगवलेले. चिनूने त्यांवर दूध सांडलं. मी एवढी ओरडले की ती भिंतीला चिकटून उभी राहिली.

मग मलाच रडू फुटलं. तशीच तिच्यासमोर फरशीवर बसले.

"चिनू, माझं..."

तिने हात उचलला आणि स्वतःच्याच गालावर खाडकन मारला.

"हात्त गं चिनू!" ती म्हणाली. "आमच्या ताईला रडवतेस?"