विमलाबाईंच्या हातचा मुहूर्त

सेलूहून देवगाव फाट्याकडं निघालं की रस्त्याला लागूनच विमलाबाईंचं जिनिंग हाय. कापसातली सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना. सासऱ्यानं पत्र्याच्या एका शेडात सुरू केला, नवऱ्यानं म्हणजे गोविंदरावांनी वाढवला, आन जळाल्यावर पुन्हा उभा केला तो विमलाबाईंनी. पण लोक नावं घेतात पहिल्या दोघांचीच. माझं डोकं फिरतं ते तिथं.

मी पार्वती, फाट्याजवळच्या वस्तीवरची. आमचा कापूस पहिल्यापास्नं तिथंच जातो. गोविंदराव व्हते तवाही विमलाबाई कामाच्या बायांसोबत ढिगावर बसून कापसातले खडे काढायच्या. "तुमी मालकीण ना वो?" म्हणलं की फटकन म्हणायच्या, "खड्याला मालकीण कळत न्हाई. मशिनीत गेला की ठिणगी पडते." तोंडानं फटकळ, माझ्यासारखीच. म्हणून तर आमचं जमलं.

गोविंदराव हार्टफेलनं गेले. वर्ष सरायच्या आत एका दुपारी जिनिंगला आग लागली. आवारात आमच्या भरलेल्या ट्रॉल्या रांगेनं उभ्या, पलीकडं विमलाबाईंच्या बांधलेल्या गाठी. दीर रंगनाथराव ओरडायलेत, "गाठी काढा, गाठी!" आन ही बाई पदर खोचून गेटात उभी. "गाठी मरू द्या! आधी शेतकऱ्यांच्या गाड्या बाहेर!" आमची ट्रॉली निघाली. सगळ्यांच्याच निघाल्या. तवर त्यांच्या गाठींचा कोळसा झाला व्हता.

आन गाड्या वाचलेले हेच लोक पुढं काय म्हणायले? बाई कारभाराला बसली आन जिनिंग जळालं, पायगुणच वाईट. अरे, लाज हाय का काही! रंगनाथराव म्हणायले, जागेचे प्लॉट पाडून विकू. विमलाबाई बधल्या न्हाईत. शेड पुन्हा घातलं, मशिनी दुरुस्त केल्या. पण कापूसच आला न्हाई तर जिनिंग चालवायचं कशावर?

दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्त ठेवला. तिथली रीत अशी की पहिली गाडी आणील त्या शेतकऱ्याला टोपी-उपरणं, मालकानं नारळ फोडायचा, मग मशीन सुरू. त्या दिवशी गेट सताड उघडं, आन ट्रॉल्या समोरून सरळ दुसरीकडं जायल्या.

आमच्या घरातही तेच. आमचे मालक, नाव घ्यायचं तर आश्रुबा, म्हणले, "यंदा दुसरीकडं घालू. लोक बोलायलेत."

मी म्हणलं, "आगीतनं ट्रॉली काढली तवा लोकांना इचारलं व्हतं का? ट्रॅक्टर काढा, न्हाई तर मी चालवते!"

मालकांनी मुकाट्यानं चावी लावली.

आमी गेटात शिरलो तशी हलगी वाजली. नारळ घेऊन पुढं आले ते रंगनाथराव. विमलाबाई मागं खांबाला टेकून उभ्या. स्वतःच मागं सरल्या व्हत्या, एवढी वाघीण बाई! मी ट्रॉलीतल्या कापसावर उभी राहिले.

"नारळ मालकीण फोडणार असंल तर कापूस उतरंल. न्हाई तर आमी निघालो माघारी."

रंगनाथराव गडबडले. "अहो, पण विधवा बाईनं..."

"आगीत उभी राहिलेली चालली, आन नारळाला चालत न्हाई व्हय?"

हलगी थांबली. विमलाबाई तरातरा आल्या. मला वाटलं, आता मलाच झापतात. त्यांनी दिराच्या हातचा नारळ घेतला आन एका दणक्यात फोडला. मशीन घरघरलं. तवा मात्र त्यांच्या डोळ्याला धार लागली, आन मला खोटं कशाला बोलायचं, माझ्याही.

मी ट्रॉलीतनं खाली उतरले, मग टोपी-उपरणं आलं. आमचे मालक टोपीसाठी डोकं पुढं करून उभे.

विमलाबाईंनी त्यांना इचारलं, "आश्रुबा, कापूस निंदला कुणी?"

"हिनंच."

"आन वेचला?"

मालकांनी नुसतं माझ्याकडं बघितलं.

"रीत मोडायचीच तर पुरी मोडू, पार्वती," विमलाबाई म्हणल्या आन उपरणं माझ्या खांद्यावर टाकलं.

तेवढ्यात मागनं, गेटात शिरलेल्या दुसऱ्या ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. "ओ बाई, सरका की! आमचाबी कापूस उतरायचाय!"