सुभेदारांचं नाक

१९६३च्या एप्रिलात आमची भरतीची तुकडी पुसदला तळ देऊन होती. सुभेदार साहेब, चार जवान आणि मी, नर्सिंग असिस्टंट. माझ्याजवळ आयोडीन, पट्ट्या आणि डोकेदुखीच्या गोळ्या. सुभेदार साहेबांजवळ नाक. प्यालेला माणूस आपण दहा पावलांवरून ओळखतो, असं ते स्वतःच सांगत. दुसरं कोण सांगणार?

शिपाई रामटेके कळंबकडचा, वय बावीस. महिन्याभरात तो वाळून काडी झाला होता. घागरभर पाणी प्यायचा आणि सारखा लघवीला पळायचा. पायाला गळू झालं. मी ते फोडलं, पट्टी बांधली आणि स्वतःवर खूश झालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या फॉल-इनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, तो डुलत आला, ओकला आणि खाली बसला. छाती भात्यासारखी चाललेली. तोंडाला पिकून उतरलेल्या फळाचा गोड वास.

नाक पुढे सरसावलं. "मोहाची! दारूबंदीत?"

"नाही जी साहेब. छप्पनले दीक्षा घेतली तवापासून आमच्या घरी थेंब नाही."

"सगळे बेवडे हेच सांगतात. तंबूत टाका. गुळाचं पाणी पाजा, उतरते."

हुकूम म्हणजे हुकूम. तीन गिलास पाजले.

"मले अजून द्या ना भाऊ," तो म्हणाला. चौथाही दिला.

दहा वाजता तो हाकेला ओ देईना. मी गाडी मागितली.

"गाडी भरतीसाठी आहे. अजून उतरली नाही का?"

"चढलीच नव्हती, साहेब."

गाडी मिळाली बारा वाजता. यवतमाळला पोचलो तेव्हा चार वाजले होते. डॉक्टरांनी लघवी तपासली.

"दारू कसली? मधुमेह आहे. अंगात इन्सुलिन नाही. साखर रक्तातच पडून राहते, मग शरीर चरबी जाळतं. त्याचं आम्ल रक्तात साचतं, त्याचाच हा वास. गळवानं भर घातली. गूळ कोणी पाजला?"

"मी."

त्यांनी इन्सुलिन टोचलं. पाच चाळीसला रामटेके गेला.

नाकानं रिपोर्टात 'मद्यप्राशन' लिहिलं आणि पुढे सुखरूप पेन्शनीत गेलं.

मी डॉक्टरांनी आजार लिहून दिलेला कागद घेऊन रामटेकेच्या गावी गेलो. बाप अंगणात उभा होता.

"प्याला होता काय जी?"

"नाही. आजार होता."

"मंग मोठ्यानं वाचा. लोकायले आयकू द्या."

मी परेडच्या आवाजात वाचलं. गुळाचंही त्याच आवाजात सांगितलं.

शिपाई रामटेके, वय बावीस. थेंबही प्याला नव्हता.