दार नुसतं लोट

सकाळी दूधवाल्यासाठी दाराची कडी काढत होते, तेवढ्यात फोन वाजला. माझ्या एका हातात पातेलं, दुसरा हात कडीवर, म्हणून फोन घ्यायला आमचे हे उठले. पलीकडून मेहरूनचा मुलगा आसिफ काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. यांनी फोन माझ्याकडे दिला नाही, हळूच टेबलावर ठेवला आणि येऊन माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्या हातातलं पातेलं कधी घेतलं नव्हतं. तेव्हाच मला कळलं, मेहरून गेली.

मेहरुन्निसा माझी कोण, हे एका शब्दात सांगायचं तर शेजारीण. लातूरला आमच्या गल्लीत चार घरं सोडून तिचं घर. नवऱ्याचं गंजगोलाईच्या बाजारात शिलाईचं दुकान होतं; तो लवकर गेला आणि मशीन घरी आली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, म्हणून तिच्या तोंडी मी कायम ‘मास्तरीण’. भूकंपाच्या आधी आमची ओळख ब्लाउजच्या मापापुरती होती. मैत्री झाली ती भूकंपानंतर, मैदानात. त्या दिवसांत लातुरात घरात झोपायची कुणाची छाती नव्हती. घरं उभी होती, पण हादरे येतच होते, आणि रोज नवी अफवा. सगळी गल्ली मागच्या मैदानात खाटा टाकून होती. माझ्या खाटेच्या शेजारी तिची खाट आली, एवढाच काय तो योग. कुणीतरी वायर ओढून टीव्ही बाहेर आणला होता. बातम्या लागल्या की किल्लारीकडची पडलेली गावं दिसायची, आणि मेहरून पाठ फिरवून बसायची. तिची धाकटी बहीण जुबेदा त्यात गेली होती. एवढंच आम्हाला माहीत होतं, आणि त्यापुढचं विचारायची ती वेळ नव्हती.

तिचं मन दुसरीकडे लावावं म्हणून मी गोष्टी सांगायला लागले. मला आधीपासून खून-दरोड्याच्या गोष्टींचा भारी नाद. शाळेत पोरांना शामळू चेहऱ्याने संस्कार शिकवायचे आणि घरी येऊन वर्तमानपत्रातलं आधी कोर्टाचं पान उघडायचं! धर्माबादच्या व्यापाऱ्याचा मुनीम कसा सापडला, बिलोलीकडे विहिरीत काय मिळालं, हे मी तिखटमीठ लावून सांगायची. मेहरून तोंडाला पदर लावून ऐकायची, आणि प्रत्येक गोष्टीत तिचा पहिला प्रश्न ठरलेला: “दार आतून बंद होतं का गं?” मी म्हणायची, “अगं, खून शेतात झालाय, तिथं कुठलं दार?” तर म्हणायची, “मग ठीक हाय. सांग पुढं.” मला वाटायचं, काय डोकं आहे हिचं, थेट पोलिसासारखा विचार करते. ती स्वतः मात्र कधी एक गोष्ट सांगायची नाही. “तू सांग, मी ऐकते. आपल्याला न्हाई जमत,” असं म्हणून मोकळी.

थंडी वाढली तशी गल्ली एकेक करून घरात गेली. पहिले काही महिने कुणीच दाराला कडी लावत नव्हतं, हादरा आला तर पळता यावं म्हणून. मग हळूहळू भीती सरली आणि चोरांची आठवण झाली. सगळ्यांच्या कड्या लागल्या. मेहरूनची लागली नाही. ती कायमचीच लागली नाही; पुढे तिने ती काढूनच टाकली. संध्याकाळी गप्पा मारून मी निघाले की आतून तिचा आवाज यायचा, “दार नुसतं लोट गं.” मी म्हणायची, “एवढ्या चोऱ्यांच्या गोष्टी ऐकतेस, भीती नाही वाटत?” “चोर नेऊन नेऊन काय नेईल, मशीन? घेऊन जाय म्हणावं बाबा, उचलून दावावं आधी.” सगळी गल्ली म्हणायची, भूकंपाने तिच्या मनात घर केलंय. मीही तेच समजत होते.

त्याच काळात आमच्या हौशी नाटकवाल्यांनी एक रहस्यनाटक बसवलं होतं. त्यांचे कपडे मेहरून शिवून द्यायची, त्यामुळे दोन फुकट पास मिळायचे. आम्ही नेहमी शेवटच्या रांगेत, बाहेर जायच्या दाराशेजारी. जागा तीच निवडायची. दुसरा अंक रंगात आलेला. बंद खोली, आत प्रेत, बाहेर इन्स्पेक्टर. त्याने दारावर खांदा मारला आणि दारासकट अख्खी भिंत आडवी झाली. पुठ्ठ्याचीच ती, पण खालची फळी दणकन हादरली. आणि सगळं थिएटर उठून पळालं! इन्स्पेक्टर पळाला, प्रेतही पळालं. दुसऱ्या कुठल्या गावी असं झालं असतं तर लोक हसले असते, शिट्ट्या मारल्या असत्या. आम्ही लातूरकर चपला सोडून रस्त्यावर. मेहरूनने माझं मनगट असं धरलं होतं की चार दिवस वळ राहिला. बाहेर आल्यावर कुणीतरी ओरडलं, “अरे, पडदा पडला रे, पडदा!” आणि मग जो हशा उसळला... रडत रडत हसणारी माणसं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. निम्मे प्रेक्षक तिथूनच घरी गेले. खुनी कोण ते आम्हाला कधीच कळलं नाही, आणि पुढे कित्येक वर्षं भाजी निवडताना मेहरून मध्येच विचारायची, “काय गं मास्तरीण, त्या नाटकात कोण असंल?”

मग गाव बदललं. शिकवण्यांचं पीक आलं. चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, गल्लीत सायकलींची गर्दी, आणि ज्याची एक खोली रिकामी त्याच्याकडे चार विद्यार्थी. मेहरूननेही वरच्या दोन खोल्या मुलींना दिल्या. आसिफ नांदेडला नोकरीला लागला होता, घरात ती एकटी. पोरींनी घर भरून गेलं. आईबाप मुलीला सोडायला आले की आधी पाणी बघायचे, मग संडास बघायचे, आणि मग दाराला कडी नाही हे बघून त्यांचा चेहरा उतरायचा. देगलूरकडचे एक गृहस्थ तर मुलीची बॅग पुन्हा खांद्यावर टाकून निघाले होते. मेहरूनने उंबऱ्याच्या आत दाराला लागून आडवी टाकलेली आपली खाट दाखवली. “भाऊसाहेब, कडी लोखंडाची असती, ती झोपती. मी झोपत न्हाई. माझ्यावरून कोण आत जातंय, बघूच की. मीच कडी हाय समजा.” ते गृहस्थ हसले, आणि त्यांची मुलगी दोन वर्षं राहून डॉक्टर व्हायला गेली. त्या घरातून कधी सुई हरवली नाही.

त्या खाटेवर आमची उरलेली आयुष्यं गेली म्हणा ना. पुढे टीव्हीवर गुन्ह्यांच्या मालिका आल्या, माझं सांगायचं काम कमी झालं. आम्ही दोघी खाटेवर बसून बघायचो आणि जाहिराती लागल्या की सुनांची, गुडघ्यांची, डाळीच्या भावांची चर्चा. पोरी वरून ओरडायच्या, “मावशी, आवाज कमी करा, उद्या पेपर आहे!” मेहरून आवाज पार बंद करायची, मग दोघी नुसती चित्रं बघत अंदाज बांधायचो. ती म्हणायची, तो मिशीवाला असणार. मी म्हणायची, मिशीवाला कधीच नसतो. बहुतेक वेळा मीच जिंकायची, कारण तिला कुणावर संशय घ्यायचाच जिवावर यायचं.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. जुबेदाचा नवरा रशीद जीप चालवायचा. नव्या वसवलेल्या गावातून लातूरला त्याच्या खेपा असायच्या. वर्षातून एखाद्या वेळी तो दारात यायचा, तुरीची पिशवी ठेवायचा आणि उभ्या उभ्या निघायचा. मेहरून त्याला बस म्हणायची नाही, डोळ्याला डोळाही द्यायची नाही. त्याने पुढे दुसरं लग्न केलं होतं. आम्ही सगळ्यांनी तो राग तिथेच नेऊन बांधला.

गेल्या वर्षभरात तिच्या किडन्यांनी दगा दिला. दवाखाना, घर, पुन्हा दवाखाना. शेवटच्या खेपेला घरी आणलं तेव्हा आसिफ म्हणाला, आत पलंगावर झोप. तिने ऐकलं नाही. खाट दारातच. मी संध्याकाळी गेले, पायाशी बसले. टीव्ही बंद होता. मी म्हटलं, “एक नवीन केस वाचलीय, सांगू?” ती म्हणाली, “आज मी सांगते.”

तीस वर्षांत ती असं कधी म्हणाली नव्हती.

तिने सांगितलं ते अगदी माझ्याच पद्धतीने, खालच्या आवाजात, मध्ये मध्ये थांबत. “एक बाई होती. धाकट्या बहिणीकडं दिसभरासाठी गेली, सांजंला परत. बहिणीचा दादला जीपवर, कवा घरी, कवा न्हाई. ही शाणी बाई लातूरची. पेपरात वाचलेली दरोड्याची गोष्ट तिला सांगितली... लई रंगवून सांगितली. आन् म्हणली, एकटी असतीस, कडी लावून झोपत जा. बहीण हसली. बरं गं बाई, लावीन म्हणली. आठ दिसांनी भूकंप झाला. ही बाई गेली बघाय. दगडाच्या भिंती समद्या खाली आलेल्या. दार तेवढं चौकटीत उभं. आन् कडी...” ती थांबली. तिचा हात माझ्या हातात होता. “कडी आतून लावलेली.”

वर पोरी घोकत होत्या, त्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, “आता सांग मास्तरीण. तुला समदं कळतंय. गुन्हेगार कोण?”

मी म्हटलं, “कुणी नाही गं. भूकंप.”

“भूकंपाला काय फाशी देतीस का?” ती हसली. “असं कुठं असतंय, कुणीच न्हाई म्हणून? जरा इचार करून सांग. घाई न्हाई.”

मी पुष्कळ बोलले. इतक्या जाड भिंती, पहाटेची झोप, कडी नसती तरी कोण उठून पळालं असतं... ती ऐकत राहिली, शाळेतलं पोर ऐकतं तशी, पटल्यासारखं करत. निघताना नेहमीसारखं म्हणाली, “दार नुसतं लोट.” दोन दिवसांनी सकाळी आसिफचा फोन आला.

मला तिच्या जाण्याचं दुःख आहेच, ते राहणार. पण त्याहून जास्त टोचत होतं ते हे, की एवढी मोठी शिक्षा ती एकटी भोगत होती आणि मी तिच्या शेजारी बसून मिशीवाल्यांची चर्चा करत होते. चोरांना ती भीत नव्हती म्हणून आम्ही तिला धीट समजत होतो. तिला कडीचा आवाजसुद्धा सहन होत नव्हता.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मी गेले. अंगणात माणसं होती, जेवणं चालली होती. रशीदभाई एका बाजूला खुर्चीवर एकटेच बसले होते, मांडीवर ती तुरीची पिशवी. आता थकले आहेत, जीप मुलगा चालवतो. मी खुर्ची ओढून शेजारी बसले. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग मला राहवलं नाही. म्हटलं, “रशीदभाई, एक विचारू? जुबेदा कडी लावून झोपायची का?”

त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. “कडी? हाव, रोजच की. लगीन होऊन आली तवापसून. त्या दाराचं लाकूड फुगलं होतं बाई. नुसतं लोटून ते राहायचंच न्हाई. वारं सुटलं की रातभर आदळायचं. कडी लावावीच लागायची.”

पुढ्यात कुणीतरी पाण्याचा ग्लास ठेवला, तो मी त्यांच्याकडे सरकवला. ते आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, “मेहरूनआपा माझ्याशी बोलल्या न्हाईत कवा. बरोबर बी हाय त्यांचं. त्या राती मी लातूरला मुक्काम केलो. घरी असतो तर...”

“तुमच्यावर राग नव्हता तिचा,” मी म्हटलं. “तिला वाटायचं, तुम्ही तिला विचाराल.”

“काय विचारणार होतो मी?”

मी त्यांना सगळं सांगितलं. तो म्हातारा माणूस गळ्यातल्या उपरण्यात तोंड घालून असा रडला की आसिफ धावत आला. तीस वर्षं ही दोन माणसं वर्षातून एकदा त्या उंबऱ्याशी समोरासमोर उभी राहत होती, दोघंही आपापल्या गुन्ह्याचा जाब विचारला जाण्याची वाट बघत. एक वाक्य हवं होतं फक्त. ते या बाजूने आलं नाही, त्याही बाजूने नाही. आणि ज्या बाईला जगातल्या सगळ्या केसेस तोंडपाठ होत्या, त्या मास्तरणीला ते विचारायचं सुचलं ते चाळीस दिवस उशिरा. मेहरून, उत्तर सापडलं गं. तू म्हणाली होतीस, घाई नाही...

निघताना पाहिलं, दाराला नवी कडी बसवली आहे. आसिफने बसवली ते योग्यच केलं. पोरी आहेत घरात, आणि आता दारात आडवं झोपायला कोण आहे? खाट भिंतीशी उभी करून ठेवली होती. तिच्या नवारीत मधोमध पडलेला खोलगटपणा उभ्या खाटेतही दिसत होता. मी त्यावरून हात फिरवला आणि बाहेर आले. मागून मेहरूनची सून म्हणाली, “मावशी, तेवढं दार ओढून घ्या, मी कडी लावते मग.”

मी दार नुसतं लोटलं. जरा वेळ बाहेर थांबून बघितलं. वारा होता, पण मेहरूनचं दार हललं नाही.