पुलाच्या लाकडाचे तुकडे

माझ्या आत्याच्या हातून कधी कुणाचं वाईट होईल, असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी आमच्या घरात ते कुणाला पटलं नसतं. पण झालं ते तिच्याच हातून झालं, आणि तेही चांगलं करायला जाऊन. ते उघड झालं तेव्हा मी स्वतः खोलीत हजर होते, तरी मला ते अजून पुरतं खरं वाटत नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तिने तेहतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली. लग्न केलं नाही. "लोकांची बोलणी जुळवता जुळवता माझीच राहून गेली," असं हसत सांगायची. निवृत्त झाली आणि तिसऱ्याच दिवशी गल्लीतल्या सुतारासमोर जाऊन उभी राहिली, "मला शिकवा." त्याला वाटलं, बाई थट्टा करतायत. आठ महिन्यांनी त्यानेच तिला स्वतःचा जुना रंधा देऊन टाकला. मग तिच्या मागच्या खोलीत स्टुलं, पेट्या, पाट, पुस्तकं ठेवायचे घोडे तयार व्हायला लागले. माझे वडील तिला 'मिस्त्री' म्हणायला लागले आणि ती त्या नावाला ओ द्यायला लागली.

पण वस्तूंपेक्षा उरलेल्या तुकड्यांचाच पसारा मोठा. वीतभर फळी, बोटभर पट्टी, कापताना सुटलेला तिरका कोपरा, काहीही टाकून द्यायचं तिच्या जिवावर यायचं. पलंगाखाली तुकडे, जिन्याखाली तुकडे, न्हाणीघराच्या माळ्यावर तुकडे. "मिस्त्री, एक दिवस तुला झोपायला जागा उरायची नाही," वडील म्हणायचे. ती म्हणायची, "कधी ना कधी लागतो रे तुकडा." अगदीच बारीक, कशाच्याच कामाचे नसलेले तुकडे आणि ढलप्या ती पोत्यात भरून कोपऱ्यावरच्या चहावालीला द्यायची. चहावालीचं दुकान पुढे आणि राहायची खोली मागे, मध्ये एक पडदा. दोन्हीकडचं काम एकाच लोखंडी चुलीवर चालायचं. नवरा नव्हता, एक मुलगी होती, सतरा वर्षांची, बारावीला. पोतं आलं की चहावाली म्हणायची, "आत्या, तुमच्यामुळे माझी चूल पेटते." आत्याला त्या वाक्याचं किती अप्रूप होतं, ते तिचा चेहरा बघून कळायचं.

त्या वर्षी बागेतल्या तळ्यावरचा जुना लाकडी पूल पाडला. त्याचे खांब आणि फळ्या भंगारवाल्याच्या आवारात येऊन पडल्या. आत्याने त्या पाहिल्या मात्र, आणि तिचं चित्त थाऱ्यावर राहिना. मला ओढत घेऊन गेली. "बघ, बघ, वीस वर्षं पाण्यात उभा होता हा खांब. एक छिद्र दाखव मला, वाळवी नाही, कीड नाही. असं लाकूड आता मिळत नाही!" लाकडाला हिरवट झाक होती. मी म्हटलं, शेवाळ असेल. ती म्हणाली, रंधा मारला की जाईल. टेम्पो भरून लाकूड घरी आलं. पुढचे चार महिने तिने त्याचे बाक केले. लाकूड जुनं, खिळ्यांनी भरलेलं, त्यामुळे चांगला भाग कमी आणि वाया जाणारा जास्त. आठवड्याला दोन-दोन पोती चहावालीकडे जायला लागली.

थंडी संपता संपता चहावालीच्या मुलीच्या नाकातून रक्त यायला लागलं. जवळच्या डॉक्टरांनी सांगितलं, परीक्षेचा ताण आहे, जागरणं कमी करा. मग तिचे तळपाय जळायला लागले. ती ओल्या फडक्यात पाय गुंडाळून अभ्यास करायची. टॉनिक झालं, गोळ्या झाल्या. एके सकाळी मी चहा घ्यायला गेले तर पडद्यामागून चहावालीचा आवाज आला, ओरडणं नव्हतं ते, घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज. मी पडदा सारला. मुलगी आरशासमोर बसली होती आणि आईच्या हातात कंगवा होता. कंगव्यात केस नव्हते, केसांचा झुपकाच होता. मुलीने डोक्याला हात लावला, तर आणखी एक झुपका तिच्या बोटांत आला.

आत्याला कळलं तशी ती चपला घालून निघालीच. "टॉनिकं पुरे झाली. मोठ्या हॉस्पिटलात जाऊ या." आम्ही चौघी गेलो.

तिथल्या डॉक्टर वयाने मोठ्या होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी केस बघितले, पाय बघितले, मग मुलीचे दोन्ही हात खिडकीच्या उजेडात धरले. बराच वेळ नखंच बघत राहिल्या. प्रत्येक नखावर एक पांढरी आडवी रेघ होती, पट्टीने आखल्यासारखी, दहाही नखांवर सारख्याच उंचीवर. मग न बोलता त्यांनी चहावालीचे हात ओढून घेतले. तिच्याही नखांवर तीच रेघ.

"पाणी कुठलं पिता?"

"नळाचं. सगळी गल्ली तेच पिते."

"काही गावठी औषधं, पावडरी, उंदरांचं औषध घरात?"

"नाही हो."

"स्वयंपाक कशावर?"

"चुलीवर. लाकडं या आत्या देतात."

डॉक्टर आत्याकडे वळल्या. "कुठलं लाकूड?"

आणि आत्याने सांगितलं, अगदी अभिमानाने सांगितलं. पुलाचं लाकूड, वीस वर्षं पाण्यात, एक छिद्र नाही, कीड नाही. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की डॉक्टरांनी पेन खाली ठेवलंय. तिचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

"त्याला कीड का लागली नाही, असं कधी मनात आलं नाही तुमच्या?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता. "पाण्यात उभं राहायचं लाकूड कुजू नये म्हणून पूर्वी त्यात औषध मुरवायचे. त्यात आर्सेनिक असतं. सोमल. किडा ते खात नाही, कारण खाल्लं तर मरतो. लाकूड नुसतं उभं असतं तेव्हा फार काही होत नाही. जाळलं की ते धुरात येतं. आणि बाकीचं सगळं राखेत उरतं." मग त्या चहावालीला म्हणाल्या, "राखेचं काय करता तुम्ही?"

चहावालीने मुलीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"भांडी घासते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी विचारलं, "दुकानातली पण?" ती म्हणाली, "ग्लास साबणाने. पातेली... घरातली पातेली, ताटं राखेनं. चार महिने." आत्या खुर्चीत बसली होती ती तशीच बसून होती. तिचं तोंड किंचित उघडं होतं. मी तिच्या खांद्याला हात लावला तर तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कोण हेच तिला आठवत नव्हतं.

रक्त-लघवीच्या तपासण्या दिल्या. डॉक्टरांनी आत्यालाही त्या करायला लावल्या. तिने ते लाकूड बंद खोलीत, तोंडाला काही न बांधता कापलं होतं आणि चार महिने तो भुसा झाडला होता. खरं तर तिलाही खोकला होता, हातावर चट्टे होते. ती त्याला 'वय झालं' म्हणायची.

घरी परतल्यावर आत्या थेट चहावालीच्या दारात गेली. उरलेलं पोतं आणि राखेचा डबा उचलून न्यायचा होता तिला. चहावाली पडद्यासमोर आडवी उभी राहिली.

"आत्या, आत येऊ नका तुम्ही."

"अगं, मला माहीत नव्हतं गं."

"मला ठाऊक आहे ते. पण येऊ नका."

पोतं आणि डबा मी उचलून आणला. आत्या रस्त्यात उभी होती. त्या तेहतीस वर्षांत लोकांनी फोनवर तिला काय काय सुनावलं असेल, पण मी तिला अशी कधी बघितली नव्हती, शाळेतून हाकललेल्या पोरासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "त्या आवारात अजून निम्मं लाकूड पडलं होतं." मला आधी कळेचना. मग कळलं आणि आम्ही अक्षरशः धावत सुटलो. आवार रिकामं होतं. भंगारवाला कान कोरत म्हणाला, "ते? ते परवाच गेलं. बेकरीवाल्याने नेलं, भट्टीसाठी."

आमच्या भागात निम्म्या घरांत सकाळी त्याच बेकरीचा पाव यायचा.

बेकरीच्या मागच्या अंगणात ते लाकूड रचून ठेवलं होतं, हिरवट, कोरडं, नीट फोडलेलं. एक कामगार त्यातलीच मोळी बांधत होता. आत्या गेली आणि त्या ढिगावर बसली. चौसष्ट वर्षांची बाई, साडीचा पदर कमरेला खोचून, लाकडाच्या ढिगावर! बेकरीवाला पीठभरल्या हातांनी बाहेर आला. "अहो बाई, काय चाललंय? उठा तिथनं."

"यातलं जाळलं का काही?"

"आज सुरू करणार. तुम्हाला काय करायचंय?"

"मग मी उठत नाही," आत्या म्हणाली. "हे लाकूड विष आहे. मी हेच एका घरात दिलं आणि त्या पोरीचे केस गळून हातात आले. विश्वास नसेल तर तिला बघून या. कोपऱ्यावर राहते."

बेकरीवाल्याला आधी वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. तो चिडला, ओरडला, माणसं जमली. ती हलली नाही. मी हॉस्पिटलात फोन लावला, डॉक्टरांनी प्रदूषण खात्याच्या माणसाला लावला, आणि तो येईपर्यंत तीन तास आत्या त्या ढिगावर बसून होती. पाणीसुद्धा तिने तिथेच घेतलं. त्या माणसाने हातमोजे घालून एक तुकडा उचलला, चाकूने तासला, पिशवीत टाकला आणि बेकरीवाल्याला म्हणाला, "यातली काडीही भट्टीत घालायची नाही." बेकरीवाला मटकन पायरीवर बसला. कितीतरी वेळ तो आपल्या हातांवरचं पीठ पुसत होता.

आठवड्याने तपासण्या आल्या. मुलीच्या आणि आईच्या अंगात सोमल होता, आत्याच्याही. स्वतःचा कागद वाचून आत्या म्हणाली, "बरं झालं." मला धक्काच बसला. मी तिच्यावर ओरडले.

खात्याची माणसं येऊन बेकरीतलं, आत्याच्या घरातलं सगळं पुलाचं लाकूड, भुसा, राख, पोती बांधून घेऊन गेली. केलेले बाक तिने चार जणांना भेट दिले होते. ते परत मागायला ती स्वतः गेली. एक मैत्रीण म्हणाली, "नुसतं बसायचंच तर आहे, मी नाही देत." आत्या तिच्याशी तासभर भांडली आणि बाक घेऊनच आली.

विष आत जायचं थांबलं की शरीर ते हळूहळू बाहेर टाकतं, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, आणि तसंच झालं. पांढऱ्या रेघा नखांबरोबर पुढे सरकत सरकत कापल्या गेल्या. मुलीने परीक्षा पुढच्या खेपेला दिली, मुलासारखे बारीक केस घेऊन, आणि पास झाली. पण तिच्या डाव्या पायाची बोटं अजून बधीरच आहेत. चप्पल कधी निसटते तिला कळत नाही.

आत्याने सुतारकाम सोडलं असेल असं आम्हाला वाटलं होतं. सोडलं नाही. मात्र आता तुकडा उरला की त्यावर पेन्सिलीने लिहिते, कुठून आणला, कधी आणला. ज्याचं सांगता येत नाही तो घरात ठेवत नाही.

चहावाली सात महिने तिच्याशी बोलली नाही. मी चहा घ्यायला जायचे, ती पेला पुढे करायची, आत्याचं नाव निघायचं नाही. मग एका दुपारी ती आत्याच्या दारात आली. आत आली नाही. हातात एका मोडक्या खोक्याच्या दोन फळ्या होत्या.

"गिऱ्हाईक देऊन गेलं," ती म्हणाली. "हे जाळू का?"

आत्याने फळ्या हातात घेतल्या, उलट्या केल्या, हुंगल्या, नखाने खरवडून बघितल्या. दारात उभ्या उभ्या पाच मिनिटं तरी गेली असतील.

"मला कळत नाही गं," ती शेवटी म्हणाली. "नको जाळूस."

"बरं," चहावाली म्हणाली. फळ्या आत्याच्याच हातात ठेवून ती गेली.